कंबरेच्या सांध्याला सूज आहे, पण ती कशामुळे?



आपल्या हरमल गावात कंबरदुखीचे कोणाला नवल वाटत नाही. रापण ओढणारे, होडी वाळूवर चढवणारे, पावसात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बायका, सकाळपासून रात्रीपर्यंत मोटरसायकलवर असणारे पायलट, हंगामात शॅकवर उभ्याने काम करणारे तरुण, यांपैकी कोणाची कंबर कधी दुखली नाही असे होत नाही. "कंबर भरली", "थंडी बाधली" असे म्हणून तेल चोळले जाते, फार्मसीतून गोळी आणली जाते आणि बहुतेक वेळा दोन-चार आठवड्यांत दुखणे जातेसुद्धा. प्रस्तुत लेख त्या बहुतेकांविषयी नाही. ज्यांचे दुखणे तीन महिने झाले तरी जात नाही, आणि ज्यांना शेवटी एखाद्या अहवालावर 'सॅक्रोइलायटिस' असा अवघड शब्द वाचायला मिळतो, त्या थोड्यांविषयी तो आहे.

हे थोडे लोक गर्दीत कसे हरवतात याची कल्पना पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी झालेल्या एका पाहणीवरून येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमात पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने १९९६ साली तेथे घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढ व्यक्तींची विचारपूस करण्यात आली. त्यांतील सुमारे १८ टक्के लोकांना हाडे, सांधे वा स्नायूंचे काही ना काही दुखणे होते. त्या दुखणाऱ्यांतही निम्म्याहून अधिक लोकांचे दुखणे कष्टाचे, स्नायूंचे किंवा नेमके नाव न देता येण्यासारखे होते. ज्यात सांध्याला आतून दाह असतो असे विकार त्या दुखणाऱ्यांपैकी दहात एकाच्या आसपास. भिगवणही कष्टकऱ्यांचेच गाव. तेव्हा आपल्याकडेही नऊ जणांच्या साध्या दुखण्याआड दहाव्याचे दुखणे झाकले जात असेल, तर आश्चर्य वाटू नये.

आता तो सांधा कोणता, ते पाहू. पाठीचा कणा खाली उतरत माकडहाडापर्यंत येतो. माकडहाडाच्या लगेच वर एक त्रिकोणी हाड असते. ते मुळात पाच मणक्यांचे असते; किशोरवयापासून ते जुळू लागतात आणि पंचविशीपर्यंत त्यांचे एकच हाड होते. त्याला त्रिकास्थी म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना कंबरेची पसरट हाडे येऊन मिळतात. जिथे मिळतात ते दोन सांधे म्हणजे सॅक्रोइलियाक सांधे. पाठमोरे उभे राहिल्यावर कंबरेखाली ज्या दोन खळ्या दिसतात, साधारण त्यांच्या आत ते असतात. गुडघ्यासारखे ते वाकत नाहीत. त्यांची हालचाल जेमतेम काही अंशांची, परंतु धडाचे सगळे वजन दोन पायांकडे त्यांच्याच वाटेने जाते. म्हणून निसर्गाने ते जाड अस्थिबंधांनी घट्ट बांधून ठेवले आहेत.

या सांध्याला दाह झाला की त्याला सॅक्रोइलायटिस म्हणतात. पुष्कळांना वाटते की अहवालात हा शब्द आला म्हणजे निदान झाले. परंतु हा शब्द कोठे काय झाले आहे एवढेच सांगतो. का झाले आहे, ते सांगत नाही. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'गठिया' म्हटले की सगळी सांधेदुखी त्यात येते, आणि मराठीतही 'वात' या शब्दाचे तसेच आहे. एकदा वात म्हटला की पुढे कोणी विचारीत नाही. सॅक्रोइलायटिसच्या बाबतीत मात्र खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो, कारण त्यामागे निदान सात-आठ वेगवेगळी कारणे असू शकतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला घातक ठरू शकते.

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो साधा असतो: दुखते केव्हा? कष्टाची कंबरदुखी दिवस चढतो तशी वाढते आणि अंग टाकले की कमी होते. दाहाच्या दुखण्याची तऱ्हा उलटी असते. ते हळूहळू, नकळत, बहुधा चाळिशीच्या आत सुरू होते. रात्रीच्या उत्तरार्धात जाग आणते. सकाळी उठल्यावर अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ कंबर लाकडासारखी ताठ असते. विश्रांतीने बरे वाटत नाही, उलट हालचाल केल्यावर सैल होते. दुखणे नितंबात खोलवर असते, आज उजवीकडे तर काही दिवसांनी डावीकडे असे बदलत राहते आणि मांडीच्या मागे उतरते. त्यामुळे ते सायटिका समजले जाते. सायटिकाची कळ मात्र पुष्कळदा गुडघ्याखाली पोटरी-पावलापर्यंत जाते. ही सहसा तितकी खाली जात नाही.

शाळेच्या दृष्टीने ही उलटी तऱ्हा फार महत्त्वाची आहे. समजा, नववी-दहावीतला एक मुलगा सकाळच्या प्रार्थनेला वाकडा उभा राहतो, कवायतीत मागे पडतो, पहिल्या तासाला बाकावरून उठताना तोंड वेडेवाकडे करतो. तोच मुलगा दुपारी मैदानावर फुटबॉल खेळतो. पाहणारा काय म्हणेल? ढोंगी आहे, आळशी आहे, सकाळी उठायचा कंटाळा करतो. घरीही हेच ऐकायला मिळते. पण वर सांगितलेले लक्षात घेतले तर असे वागणे हेच दाहाच्या दुखण्याचे लक्षण असू शकते. सोळा वर्षांच्या आतील मुलांत तर हा विकार कंबरेपासून सुरू होतोच असे नाही. आधी टाच दुखते, गुडघा किंवा घोटा सुजतो, कंबरेची पाळी नंतर येते. टाचदुखी बुटांवर आणि गुडघा खेळावर ढकलला जातो. प्रत्येक टाचदुखी म्हणजे हा विकार, असे आम्ही म्हणत नाही. परंतु सुजलेला सांधा सहा आठवडे तसाच राहिला, तर डॉक्टरांना दाखविल्याशिवाय राहू नये.

यानंतर डॉक्टर जे प्रश्न विचारतात ते रुग्णाला विचित्र वाटतात. कंबर दाखवायला आलो आणि हे डोळ्याचे का विचारतात? तर त्याला कारण आहे. सॅक्रोइलियाक सांध्याच्या दाहाचे सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिस आणि त्याच्या कुटुंबातील विकार. यात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांवर उलटते. या कुटुंबाच्या खुणा शरीरभर विखुरलेल्या असतात. एक डोळा एकाएकी लाल होऊन दुखणे आणि उजेड सहन न होणे, ही त्यातली एक. डोक्यात, कोपरांवर वा नखांवर सोरायसिस असणे ही दुसरी. महिनोन् महिने जुलाब, त्यात रक्त, वजन उतरणे ही आतड्याच्या दाहाची खूण. हाताचे वा पायाचे एखादे बोट सबंध सुजणे, टाचेमागची शीर दुखणे, हेही त्यात आले. घरात वडिलांना, काकांना, बहिणीला असेच काही होते का, हेही विचारले जाते. डोळ्यासाठी एका डॉक्टरांकडे, त्वचेसाठी दुसऱ्यांकडे, कंबरेसाठी तिसऱ्यांकडे गेलेला रुग्ण तिघांपैकी कोणालाही सगळे सांगत नाही, आणि सूत्र जुळत नाही. दुखणे सुरू झाल्यापासून नेमके निदान होईपर्यंत पाच-सात वर्षे जातात असे जगभर दिसते, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. हा विकार पुरुषांचा आहे अशी जुनी समजूत असल्याने स्त्रियांना तर याहूनही उशीर होतो.

एक प्रश्न जरा संकोचाचा आहे, पण टाळता येत नाही. गेल्या एक ते चार आठवड्यांत आमांश-जुलाब झाले होते का, लघवीच्या जागी जळजळ होती का, लैंगिक संसर्गाची शक्यता आहे का? काही जंतुसंसर्ग बरे झाले तरी त्यांच्या पाठोपाठ सांध्यांना दाह होतो. त्याला प्रतिक्रियात्मक संधिदाह म्हणतात. तरुणांनी डॉक्टरांपाशी ही गोष्ट लपवू नये.

येथवर सांगितलेली कारणे संरक्षणव्यवस्थेची झाली. दुसरा मोठा वर्ग म्हणजे जंतूंनी थेट सांध्यात शिरकाव करणे. येथे दुखणे बहुधा एकाच बाजूला असते. साध्या पू करणाऱ्या जंतूंमुळे झाले असेल तर ताप, थंडी आणि पाय टेकवता येणार नाही इतकी कळ येते. अशा रुग्णाला त्याच दिवशी इस्पितळात न्यावे. मधुमेह असणारे, प्रतिकारशक्ती कमी असणारे आणि सुईने नशा करणारे यांना हा धोका अधिक. क्षयरोगाचे जंतू मात्र सावकाश काम करतात. महिने-महिने एका बाजूची कंबर दुखते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते. खोकला असेलच असे नाही. 'क्षय म्हणजे छातीचा' ही समजूत पक्की असल्याने हाडाच्या क्षयाकडे लक्ष उशिरा जाते. त्याची खात्री करण्यासाठी पुष्कळदा सांध्यातून सुईने नमुना काढून तपासावा लागतो.

तिसरा जंतू ब्रुसेला. याच्यावर आम्ही थोडे अधिक लिहितो, कारण पेडणे तालुक्यात घरोघरी नसली तरी पुष्कळ घरी अजून गाय, म्हैस वा शेळी आहे. हा गुराढोरांचा आजार. गाभण जनावर गाभडते, आणि त्याच्या वारेतून, स्रावांतून व कच्च्या दुधातून जंतू माणसात येतो. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिकांना न समजणारा ताप येत असे. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टराने १८८७ साली त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कोठून हे कळायला १९०५ साल उजाडले. तेव्हा थेमिस्टोक्लीस झॅमिट यांना तो बेटावरील दिसायला अगदी निरोगी अशा शेळ्यांत सापडला. सैनिक त्यांचेच दूध कच्चे पीत होते. या आजारात ताप चढ-उतार करीत राहतो, रात्री घाम सुटतो आणि मोठ्या सांध्यांत सॅक्रोइलियाक सांधा अनेकदा धरला जातो. रक्ताच्या खास तपासणीने तो ओळखता येतो, परंतु ती करायची तर डॉक्टरांच्या मनात शंका यायला हवी. घरी जनावर आहे आणि गेल्या काही महिन्यांत एखादे गाभडले आहे, हे रुग्णाने आपणहून सांगावे. दूध उकळून प्यावे, गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातांनी उचलू नये. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना या रोगाची लस एकदा टोचण्याची योजना आहे. ज्यांच्या गोठ्यात मादी वासरू आहे त्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.

आयांसाठी एक गोष्ट. गरोदरपणात हे अस्थिबंध सैल होतात, बाळंतपणात सांध्यावर ताण येतो, आणि नंतर काही महिने दोन्ही बाजूंना दुखत राहू शकते. अशा स्त्रियांच्या एक्स-रेत सांध्याशेजारी कंबरेच्या हाडाचा एक त्रिकोणी भाग जास्त पांढरा दिसतो. त्यावरून गंभीर विकाराचे लेबल लागल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत आहेत. प्रत्यक्षात तो बहुधा ताणाचा परिणाम असतो व काळजीचे कारण नसते. बाळ कधी झाले ही माहिती एक्स-रे वाचणाऱ्यापर्यंत पोचली पाहिजे. पडणे, अपघात, एक पाय आखूड असणे, उतारवयातील झीज, हीसुद्धा या सांध्याच्या दुखण्याची कारणे आहेत. ती तपासणीत सहसा लवकर कळतात.

आता तपासण्यांकडे वळू. पालक पहिला प्रश्न विचारतात, "एमआरआय काढायचा का?" आमच्या मते त्याआधी हाताने करायची तपासणी झाली पाहिजे. डॉक्टर रुग्णाला उताणे झोपवून एका पायाची घोटी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायला सांगतात आणि गुडघा खाली दाबतात. कंबरेची हाडे दोन्ही बाजूंनी दाबून पाहतात. मांडी उभी धरून खाली रेटतात. यातल्या एकाच चाचणीवर विसंबता येत नाही. तीन वा अधिक चाचण्यांत नेमके तेथेच दुखले तर दुखणे या सांध्याचे असण्याची शक्यता वाढते. कणा किती वाकतो हे मोजण्याची एक सोपी रीत शोबर या जर्मन डॉक्टराने १९३७ साली सांगितली. तिच्या सुधारित रूपात कंबरेवर १५ सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करून रुग्णाला पुढे वाकवतात. निरोगी तरुणात ते अंतर निदान पाच सेंटिमीटरनी वाढायला हवे. आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना यातले तत्त्व लगेच कळेल: ताठ पट्टीवरच्या खुणा जागच्या जागी राहतात, लवचीक पट्टीवरच्या दूर जातात.

एक्स-रे स्वस्त आणि जवळ मिळणारा आहे, पण तो दाहाने केलेले नुकसान दाखवतो, दाह नव्हे. सांध्याच्या कडा झिजून एक्स-रेत दिसायला काही वर्षे लागू शकतात. किशोरवयीन मुलांत तर हाडांची वाढ चालू असल्याने या सांध्याचा एक्स-रे वाचणेच कठीण. १९८४ साली ठरलेले निकष एक्स-रेवर आधारलेले होते, म्हणजे सांधा बिघडेपर्यंत थांबा असाच त्याचा अर्थ झाला. २००९ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत एमआरआयला स्थान मिळाले, कारण हाडाच्या आतील सूज त्यात लवकर दिसते. पण एमआरआयलाही शेवटचा शब्द मानू नये. पुष्कळ धावणारे खेळाडू, सैन्यात नव्याने भरती झालेले जवान आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया यांच्यातही थोडीफार सूज दिसते, आणि त्यांना कोणताही विकार नसतो.

रक्ताच्या तपासणीविषयी सर्वांत अधिक गैरसमज आहे तो एचएलए-बी२७ बद्दल. हा रोगजंतू नव्हे. जन्मतः मिळणारी ती एक अनुवंशिक खूण आहे. तिचा आणि या विकाराचा संबंध १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवला. ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या बहुसंख्य रुग्णांत ती सापडते. पण ती असणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा विकार आयुष्यात कधीच होत नाही! तेव्हा भावाचा अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणून काहीही न दुखणाऱ्या बहिणीची तपासणी करून तिच्या लग्नाची चिंता करीत बसणे हे अज्ञान आहे. उलट अहवाल निगेटिव्ह आला म्हणून सुटका झाली असेही नाही. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखविणाऱ्या तपासण्यासुद्धा बऱ्याच रुग्णांत सरळ येतात.

मग कारण शोधण्याचा एवढा खटाटोप कशासाठी? दुखणे थांबले म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये आधी सूज उतरविणाऱ्या गोळ्या आणि नेमाने व्यायाम. एवढ्याने न भागल्यास टीएनएफ नावाच्या द्रव्याला अडविणारी इंजेक्शने देतात. या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांनी पुष्कळांना ताठ बसलेल्या कण्यापासून वाचविले आहे. पण हीच इंजेक्शने शरीरात दडलेल्या क्षयाला मोकळे रान देतात. म्हणून ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. ज्याचा सांधाच क्षयाने धरला आहे त्याला संधिवात समजून ती दिली, तर काय होईल हे सांगायला नको. त्याला हवीत क्षयाची औषधे, जी सरकारी इस्पितळांतून मोफत मिळतात. ब्रुसेलाला दोन प्रतिजैविके अनेक आठवडे द्यावी लागतात. बाळंतिणीला बहुधा व्यायाम आणि धीर पुरतो. आणि कोणी ओळखीच्याने सुचविलेली स्टिरॉइडची गोळी? कणा धरणाऱ्या या विकारात तिचा फारसा उपयोग होत नाही. जंतुसंसर्ग असेल तर मात्र ती दोन दिवस बरे वाटल्याचा भास देऊन आत आग वाढवते. वेदनाशामक गोळ्या परस्पर महिनोन् महिने घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंडे दोन्ही धोक्यात येतात. तरी त्या गोळीने एक-दोन दिवसांत किती फरक पडला हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. झपाट्याने फरक पडणे हेसुद्धा दाहाच्या बाजूचे एक चिन्ह आहे.

आपल्या किनाऱ्यावर योगवर्गांना तोटा नाही. व्यायाम या विकारात औषधाइतकाच महत्त्वाचा आहे हे खरेच. परंतु कारण कळण्यापूर्वी, विशेषतः ताप असताना किंवा एका बाजूला तीव्र कळ असताना, कोणाकडून कंबर पिळवून घेऊ नये. ज्याचा कणा जुळून ताठ झाला आहे त्याचे मणके अशा जोराने मोडूही शकतात. शाळेतही 'व्यायामातून कायमची सूट' अशी चिठ्ठी मागण्याऐवजी कोणता व्यायाम करावा व कोणता टाळावा हे डॉक्टरांकडून लिहून आणावे, कारण दाहाचे दुखणे असलेल्या मुलाला बसवून ठेवणे हा त्याला त्रासच आहे.

पेडण्याच्या सामूहिक आरोग्य केंद्रात सुरुवात करता येते. तेथून म्हापशाचे जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचे गोमेकॉ. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते, डॉक्टरांना प्रत्येकासाठी मिळणारा वेळ थोडा. म्हणून जाण्यापूर्वी दोन आठवडे एका वहीत रोज लिहून ठेवावे: रात्री किती वाजता जाग आली, सकाळी ताठरपणा किती मिनिटे टिकला, कोणती बाजू दुखली, ताप होता का. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर डोळे, त्वचा, पोट, बाळंतपण, घरातील जनावरे आणि नात्यातील आजार यांची नोंद असावी. जुने एक्स-रे, घेतलेल्या सर्व गोळ्यांची वेष्टने आणि ही वही एका पिशवीत घालून सोबत न्यावी.